गलांड्यांच्या भिंतीला आलेलं पोट

नारायणराव देशमान्यांना भिंतीचं पोट पहिल्यांदा दिसलं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना.

शेजारच्या सोपान गलांड्यांनी दोन प्लॉटांच्या मधे कंपाउंडची भिंत घ्यायला काढली होती. विटांचे चार थर चढले होते. नारायणराव तोंडात ब्रश धरून परसात आले, भिंतीच्या टोकाला उभे राहिले आणि सवयीनं डावा डोळा मिटून उजवा लावला. भिंत निम्म्यात पोचली आणि चक्क फुगली. चांगली वीतभर फुगून त्यांच्या कढीपत्त्याकडे सरकली होती.

सवय म्हणजे काय, तर चौतीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीत काढली होती. डावा मिटायचा, उजवा लावायचा, आणि या दगडापासून त्या दगडापर्यंत सरळ रेघ धरायची. पुढे साखळी गेली, यंत्रं आली, पण नारायणराव आधी डोळा लावत आणि मग यंत्राला संधी देत. बावड्यापासून लासुर्ण्यापर्यंत कुठंही बांधावरून कुऱ्हाडी निघायची वेळ आली की माणसं म्हणायची, ‘देशमाने सायबाचा डोळा लावा, मग बोला.’ त्या डोळ्याला इंदापूर तालुक्यात मान होता. घरात नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.

आता खरं काय ते आधीच सांगून टाकतो, उगीच लपवाछपवी नको. भिंत सरळ होती. नारायणरावांच्या उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यातली एक शीर बंद पडली होती. रक्ताला पुढं वाट मिळेना म्हणून पाणी पाझरलं आणि पडदा मधोमध सुजला. अशा सुजलेल्या पडद्यावर सरळ रेघ पडली की ती वाकडी दिसते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही. लवकर दाखवलं तर नजर बरीचशी वाचते. घरी बसून राहिलं तर मधली नजर जाते, आणि गेली की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. हे त्या सकाळी अख्ख्या कॉलनीत एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक व्हायला हवं होतं तो तोंडात ब्रश धरून दुसऱ्याच्या भिंतीवर संतापत होता.

“सिद्धू, भिंत वाकडी चाललीय,” चूळ भरून नारायणराव म्हणाले.

सिद्धू हा गवंडी. त्यानं थापी थांबवली नाही. “दोरी लावलीय की, साहेब.”

नारायणरावांनी दोरीला डोळा लावला. दोरीसुद्धा मधोमध पोट काढून त्यांच्याकडे आली होती.

“दोरीच वाकडी आहे.”

आता मात्र थापी थांबली. “ताणलेली दोरी वाकडी कशी हुईल, साहेब?”

एखादा साधा माणूस असता तर इथं चपापला असता, दुसरा डोळा उघडून बघितला असता. पण चौतीस वर्षं ज्याचं कुणी खोडून काढलं नाही, त्याला चपापायची सवय राहत नाही. “कुठंतरी अडकली असेल,” नारायणराव म्हणाले. सिद्धूनं बोटानं दोरी छेडली. ती टुंग करून वाजली. “सांगा, कुटं अडकलीय?” सिद्धू म्हणाला, आणि विटा देणाऱ्या दोन बायका पदर तोंडाला लावून फिसकन हसल्या.

सगळा घात त्या हसण्यानं केला. नारायणराव टॉवेल झटकून सरळ गलांड्यांच्या दारात गेले.

सोपान गलांडे मूळचे बावड्याचे. तिकडं ऊस, इकडं पोरांच्या शाळेसाठी घर. हातापायानं दांडगा पण बोलायला मऊ माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर आले, दोन्ही डोळ्यांनी भिंत बघितली, डोकं खाजवलं. त्यांना भिंत सरळच दिसत होती. पण ते म्हणाले, “साहेब, माज्या बापाचा बांध तुमीच काढून दिला व्हता. भावकीतले चार जण इरोधात हुते, पर तुमचा डोळा खोटा बोलला न्हाय. आज तुमाला वाकडी दिसतीया म्हंजी कायतरी आसंलच. सिद्धू, थांबव काम.”

“आवो पर दोरी—”

“थांबव म्हनलं ना!”

काम थांबलं. नारायणराव विजयी मुद्रेनं घरी आले आणि यशोदाबाईंना म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात डोळा.”

“त्याच डोळ्यानं काल तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतलात,” यशोदाबाई म्हणाल्या. “चार दिवस झाले, सारखा चष्मा पुसताय. दाखवून घ्या म्हणते मी.”

चष्मा ते पुसत होते हे खरं. कुणी काचेवर तुपाचा अंगठा उमटवावा तसं मधे काहीतरी धुरकट येत होतं. पण ते भिंतीचा निकाल लागला की बघू.

त्यानंतर नारायणराव जिथं जिथं डोळा लावू लागले तिथं तिथं वाकडेपणा सापडू लागला. नाक्यावरचा विजेचा खांब कंबरेत वाकला होता. मारुतीच्या देवळाचा कळस कलला होता. वाचनालयाच्या खिडकीचे गज नागमोडी होते. माणसाला शंका यायला हवी की नको? पण आपल्याकडं खांब वाकडा दिसला तर कुणी डोळे तपासायला जात नाही, ठेकेदाराचं नाव विचारतो. नारायणरावांनीही तेच केलं. तीन अर्ज लिहिले. वाचनालयाचे अध्यक्ष गज बघायला आले, हात फिरवून गेले आणि जाताना यशोदाबाईंना हळूच म्हणाले, “रिटायर झाल्यावर होतं असं. वेळ जात नाही माणसाचा.”

सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडं कधी टंचाई नसते. समोरच्या प्रयागबाईंनी डोळ्यात शेळीचं दूध घालायला सांगितलं आणि शेळीही स्वतःच धरून आणली. धार काढताना शेळीनं नारायणरावांच्या पोटरीला लाथ घातली. पायाला पट्टी आली, डोळ्यात दूध गेलं, आणि तीन दिवस डोळ्याला आंबूस वास येत राहिला. वाबळे गुरुजींचं आणखी वेगळं. हे निवृत्त मुख्याध्यापक, रोज सकाळी नारायणरावांबरोबर फिरायला येणारे. याच गुरुजींनी उन्हाळ्यात त्यांना रक्तदाबाची गोळी सोडायला लावली होती. ‘एकदा सुरू केली की जन्माची गुलामी, नारायणराव. बीट खा.’ नारायणरावांनी चार महिने बीट खाल्लं. रक्तदाब वर चढत राहिला, त्याला कुणी विचारायला गेलं नाही, आणि शेवटी त्यानं डोळ्यातली शीर गाठली. आता गुरुजींनी टॉर्च मारून डोळा पाहिला आणि म्हणाले, “मोतीबिंदू. घाई करू नका. पिकू द्या.”

म्हणजे आजार आणणारा आणि तो पिकवणारा, दोन्ही एकच. राग येतो हो असल्या माणसांचा. पण गुरुजी मनाचे चांगले होते, तीच तर पंचाईत.

नारायणरावांनी पिकू दिलं, कारण दरम्यान त्यांनी मोजणीचा अर्ज केला होता. ज्या कार्यालयात ते साहेब होते त्याच कार्यालयाच्या खिडकीबाहेर ते उभे राहिले. आत इंद्रजित बसला होता. त्याला फायलीला दोरा कसा बांधायचा तेसुद्धा नारायणरावांनीच शिकवलं होतं. इंद्रजित उठून उभा राहिला, चहा मागवला, पाया पडला आणि म्हणाला, “साहेब, अर्ज आता ऑनलाइन लागतो.”

“अरे, मी समोर उभा आहे ना?”

“व्हय साहेब. पर तुमी ऑनलाइन न्हाय.”

ऑनलाइन व्हायला आठ दिवस गेले. मग नंबर लागला तो दिवाळीनंतरचा. नारायणरावांनी जरा वशिला लावून बघितला, तेव्हा इंद्रजितनं अतिशय आदरानं त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. “साहेब, तुमीच आमाला सांगितलंय, रांग मोडली की खात्याची अब्रू जाती.” पोरानं शिकवलेलं तंतोतंत लक्षात ठेवलं होतं. अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेऊन नारायणराव घरी आले. अर्जात त्यांनी खात्याच्या भाषेत लिहिलं होतं: ‘सदर भिंत मध्यभागी फुगीर दिसत असून फुगवटा दिवसेंदिवस वाढत आहे.’

फुगवटा खरंच वाढत होता. आधी वीतभर होता, गणपतीत हातभर झाला. आता चार थरांची बंद पडलेली भिंत आपली आपण कशी सरकेल? नारायणरावांचं म्हणणं, गलांडे रात्री सरकवतात. सोपानरावांच्या कानावर हे गेलं. त्यांच्या पडवीत सिमेंटची पोती पावसाळी हवेनं दगड होऊन पडली होती, उघड्या हद्दीतून कुत्री येऊन कोंबड्या नेत होती, बायको रोज डोकं खात होती. ते एवढंच म्हणाले, “साहेब मोठं माणूस हाय. मोजनी हूं द्या.”

सप्टेंबरात बारामतीहून दीप्तीचा फोन आला. दीप्ती नारायणरावांची मुलगी, तिथल्या एका कॉलेजात शिकवते. तिनं डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात वेळ घेतली होती. गुरुवार, सकाळी अकरा. “बाबा, एक डोळा धुरकट होणं ही साधी गोष्ट नाही. तुम्ही काहीही करून या.”

बुधवारी संध्याकाळी इंद्रजितचा निरोप आला. अर्जात त्रुटी निघाली होती, लगतधारकाचा पत्ता अपुरा. पूर्तता गुरुवारीच करावी, नाहीतर नंबर मागं जाईल.

यशोदाबाईंनी हात जोडले. अक्षरशः जोडले. “अहो, भिंत कुठं पळून जातेय?”

“सरकतेय, यशोदा. रोज सरकतेय.”

गुरुवारी सकाळी अकरा वाजता नारायणराव इंदापुरात खिडकीसमोर बसून लगतधारकाचा पूर्ण पत्ता लिहीत होते. लगतधारक म्हणजे सोपान गलांडे. पत्ता म्हणजे स्वतःच्याच घराशेजारी. बारामतीच्या दवाखान्यात त्यांचं नाव तीन वेळा पुकारलं गेलं आणि दीप्ती एकटी बाकावरून उठून परत गेली. डोळ्यांची समजूत म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून नंबर वाढवून आणला. नव्या चष्म्यातून भिंत आणखी ठळक वाकडी दिसायला लागली. त्यांना बरं वाटलं.

शेवटी दिवाळी झाली आणि मोजणीचा दिवस उगवला. श्रेया नावाची नवी भूकरमापक आली. पंचविशीतली पोरगी, डोक्याला टोपी, हातात खांबासारखं उभं यंत्र. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून हद्द सांगतं म्हणे. कॉलनी जमली. गुरुजी आले, प्रयागबाई शेळीसकट आल्या. नारायणराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले. तासाभरात श्रेयानं कागदावर खुणा केल्या आणि सांगितलं.

“भिंत सरळ आहे, सर. आणि हद्दीवर नाहीये. गलांड्यांनी स्वतःच्या बाजूला नऊ इंच जागा सोडून घेतलीय.”

“म्हनलं साहेबांच्या कढीपत्त्याच्या मुळ्या तुटत्याल,” सोपानराव खाली बघत पुटपुटले.

 नारायणराव खुर्चीवरून उठले. “यंत्र चुकतं,” ते म्हणाले. “नकाशा दाखव.”

श्रेयानं चौकटींच्या कागदावर काढलेला नकाशा पुढं केला. नारायणरावांनी डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि गरजले, “हा कागदच चुकीचा छापलाय! मधल्या चौकटी बघ. सगळ्या वाकड्या. असल्या कागदावर मोजणी करता?”

कुणीतरी हसलं. श्रेया हसली नाही. तिनं कागदाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. “सर, आता उजवा झाका. डाव्यानं बघा.”

“मी डाव्यानं कधी बघत नाही.”

“आज बघा. माझ्यासाठी.”

त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. चौकटी सरळ झाल्या. प्रत्येक रेघ पेन्सिलीनं आखल्यासारखी. त्यांनी मान वर केली. भिंत सरळ होती. नाक्यावरचा खांब सरळ होता. देवळाचा कळस ताठ उभा होता. मग त्यांनी हात बदलला, डावा झाकला, आणि समोर उभ्या असलेल्या श्रेयाकडं पाहिलं. टोपी दिसली, खांदे दिसले. मधे चेहरा असायला हवा होता तिथं राखाडी गोळा होता.

“यशोदा,” नारायणराव म्हणाले. इतक्या वर्षांत कॉलनीनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

पुढचं सगळं सोपानरावांनी केलं. गाडी काढली, यशोदाबाईंना मागं बसवलं, दीप्तीला फोन लावला आणि थेट बारामती गाठली. डॉक्टर मनिषा मधल्या वयाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी थेंब टाकून डोळा तपासला, पडद्याचा फोटो काढला आणि रक्तदाब घेतला. तो बघून नर्सनं पुन्हा घेतला.

“कधीपासून वाकडं दिसतंय?”

 नारायणरावांनी खिशातून अर्जाची प्रत काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली. मध्यभागी फुगीर. फुगवटा दिवसेंदिवस वाढत आहे. वर तारीख, शिक्का, आवक क्रमांक. आजाराचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या पेशंटनं त्यांना क्वचितच दिलं असेल. फक्त ते त्यानं दुसऱ्या खात्याला दिलं होतं.

“काका, हे भिंतीबद्दल नाहीये,” त्या म्हणाल्या. “हे तुमच्या पडद्याबद्दल आहे.” त्यांनी संगणकावर फोटो दाखवला. सपाट असायला हवा तो पडदा मधोमध टेकाडासारखा वर आला होता. “तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर मी जास्त बोलू शकले असते.”

“काही थेंब वगैरे...” नारायणरावांनी विचारलं.

“थेंबानं नाही होणार. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. दर महिन्याला. शीर उघडणार नाही, पण सूज उतरेल. नजर किती येईल ते आत्ता सांगत नाही.”

डोळ्यात सुई हे ऐकून दीप्तीनं स्वतःचेच डोळे मिटून घेतले. नारायणराव मात्र मुकाट्यानं आत गेले. दगडी चेहऱ्यानं गेले, पण हिरवा कपडा तोंडावर पडला तेव्हा त्यांच्या पायाची बोटं थरथरत होती, आणि नर्सनं ती चादरीत झाकून घेतली. दुसऱ्या महिन्यात दुसरं झालं. तिसऱ्यात तिसरं. गोळी सुरू झाली, बीट बंद झालं. गुरुजी भेटायला आले, दारात उभे राहिले, पेपर ठेवला आणि परत गेले.

तिसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला. टेकाड उतरलं होतं. यशोदाबाईंचा चेहरा उजळला. पण नारायणराव समोरच्या पाटीकडं उजव्या डोळ्यानं बघत होते आणि त्यांना कडेकडेची अक्षरं तेवढी दिसत होती.

“सूज गेली, पण ती फार दिवस राहिली, काका,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “मधल्या पेशी वाळल्यात. त्या आता येणार नाहीत. यापुढं डावा सांभाळायचा. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही.”

परत येताना गाडीत यशोदाबाई खिडकीकडं तोंड करून रडत होत्या आणि नारायणरावांना काय करावं ते सुचत नव्हतं. त्यांनी बायकोचा हात धरला. तो धरायलासुद्धा त्यांना दोनदा चाचपावं लागलं.

संध्याकाळी ते एकटेच गलांड्यांच्या दारात गेले. भिंत केव्हाच पुरी झाली होती. सोपानराव लगबगीनं उठले, खुर्ची पुढं केली, हाताला धरून बसवलं.

“सोपानराव, मी तुम्हाला चोर म्हणालो,” नारायणराव म्हणाले. “रात्री भिंत सरकवता म्हणालो. तुमची पोती गेली, कोंबड्या गेल्या. माझं चुकलं.”

 सोपानराव एवढा दांडगा माणूस, पण हातातल्या टोपीच्या घड्या घालत होता, मोडत होता.

“साहेब, माज्याबी डोक्यात एक गोष्ट तीन म्हैनं घुमतीया,” ते म्हणाले. “मला पहिल्याच दिशी भिंत सरळ दिसत व्हती. सिद्धूला दिसत व्हती. बायामानसांनाबी दिसत व्हती. पर तुमचा मान ऱ्हावा म्हनून मी गप बसलो. मी मान देत बसलो, आन् तितं तुमचा डोळा चालला व्हता. त्याच दिशी मी तुमच्याशी भांडलो आसतो, तोंडावर म्हनलो आसतो की साहेब, तुमाला दिसत न्हाय, जावा डॉक्टरकडं... तर वाचला आसता का वो डोळा?”

माणसाच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. त्याला ‘नाही’ हेच उत्तर हवं होतं, आणि ते देणं सोपं होतं. नारायणरावांनी तरी विचार केला. खरोखर केला, मोजणीच्या कागदावर सही करण्याआधी करायचे तसा.

“नाही, सोपानराव,” ते म्हणाले. “तुम्ही भांडला असता तर मी कोर्टात गेलो असतो.”

सोपानराव त्यांच्याकडं बघत राहिले.

“आणि तिथं तारखा पडता पडता,” नारायणराव म्हणाले, “दुसराही गेला असता.”

सोपानरावांना हसू फुटलं. ते आवरायला गेले तर आणखीच फुटलं. नारायणरावही हसले. आतून बायको बघायला आली तेव्हा दोघंही पुरुष टोपीनं आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते, आणि कोण हसतंय आणि कोण रडतंय ते तिला काही कळेना. ती चहा ठेवायला आत गेली.